छायाचित्रातील शहर आणि जमिनीचा उतार

विमानातून, ड्रोनमधून किंवा उपग्रहावरून घेतलेले आपल्या शहराचे छायाचित्र आता नगरपरिषदेच्या कार्यालयापासून शाळेतील संगणकापर्यंत सर्वत्र पाहावयास मिळते. रस्ते, घरांची छपरे, मैदाने, विहिरी, नदीचे पात्र असे सारे काही त्यात इतके स्पष्ट दिसते, की शहराची संपूर्ण माहिती आपल्यासमोर उलगडली आहे असे कोणासही वाटावे. तथापि जी गोष्ट जाणून घेतल्याखेरीज रस्ता, गटार, शाळा किंवा घरकुल यांची जागा निश्चित करू नये, नेमकी तीच गोष्ट या चित्रात सहसा दिसत नाही. ती म्हणजे जमिनीचा उतार.

पावसाचे पाणी कोणत्या वस्तीकडे धावेल, कोठे साचेल, कोणती भिंत मातीचा भार पेलत उभी आहे, कोणत्या घरामागे डोंगर तोडलेला आहे, हे सर्व प्रश्न उताराशी निगडित आहेत. १२ जुलै २००० रोजी मुंबईत घाटकोपर येथे टेकडीची दरड वस्तीवर कोसळली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारतनगर भागात डोंगरउतारावरील घरांवर भिंत कोसळली. दोन्ही प्रसंगी अनेक रहिवासी मृत्युमुखी पडले. अशा वस्तीचे सरळ वरून घेतलेले छायाचित्र पाहिल्यास तेथील छपरे शेजारच्या सपाट भागातील छपरांसारखीच दिसतात. डोंगर आहे, कड आहे, भिंत आहे. पण चित्रात मात्र छपरांची एक अखंड चादर पसरलेली असते.

यावरून ही छायाचित्रे निरुपयोगी आहेत असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. उतार चित्रात सहज दिसत नसला तरी तो वाचता येतो. मात्र तो कसा वाचावा आणि त्या वाचनावर कोठपर्यंत विसंबावे, या दोन्ही गोष्टी जाणून घेणे अगत्याचे आहे.

उतार म्हणजे किती?

प्रथम मोजमापाची भाषा स्पष्ट करून घेऊ. आडव्या अंतराच्या मानाने जमीन किती चढते किंवा उतरते, या प्रमाणास उतार म्हणतात. पाच मीटर आडवे गेल्यावर जमीन एक मीटर उतरत असेल, तर तो उतार १:५ होय. हाच उतार शेकड्यात सांगावयाचा तर २० टक्के आणि कोनात सांगावयाचा तर सुमारे ११ अंश होतो. १:१० म्हणजे १० टक्के, सुमारे ६ अंश. १०० टक्के उतार म्हणजे उभी कड अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो ४५ अंशांचा उतार असतो. कागदपत्रांत कोठे अंश, कोठे टक्के, तर कोठे प्रमाण दिलेले असते. त्यांची गल्लत झाल्यास निर्णयच चुकतो.

यांपैकी १:५ हे प्रमाण आपल्या राज्यातील नगररचनेशी संबंधित मंडळींस चांगले परिचित आहे. टेकड्यांच्या इतक्या किंवा याहून तीव्र उतारांवर बांधकामास परवानगी देऊ नये, असे सूत्र पुण्यासारख्या शहरांच्या विकास नियंत्रण नियमांत स्वीकारलेले आहे. त्यामुळे एखादा भूखंड १:६ उताराचा की १:४ उताराचा, हा प्रश्न केवळ भूगोलाच्या तासापुरता राहत नाही. त्यावर परवानगी, जमिनीचे मूल्य आणि रहिवाशांची सुरक्षितता अवलंबून असते.

चित्र सपाट का भासते?

समोरून पाहताना टेकडीची उंची आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. अगदी वरून पाहताना ही पार्श्वभूमी नाहीशी होते व उंच-सखल भाग एकाच पातळीवर आल्यासारखे वाटतात. मोकळ्या टेकडीवर निदान उजेड-सावलीतील फरक मदतीस येतो. शहरात तोही आधार दुबळा पडतो. कारण तेथे जमीन छपरांनी, डांबराने आणि झाडांनी झाकलेली असते व सावल्या टेकडीपेक्षा इमारतींच्याच अधिक असतात.

याखेरीज आपली दृष्टीही फसवते. उजेड वरच्या बाजूने येतो असे गृहीत धरण्याची मनुष्याच्या डोळ्यास सवय असते. नकाशाप्रमाणे छायाचित्रातही उत्तर दिशा वर ठेवण्याची पद्धत आहे. भूमीची छायाचित्रे घेणारे बरेच उपग्रह एखाद्या स्थळावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. हिवाळ्यात त्या वेळी आपल्याकडे सूर्य आग्नेयेस असतो, म्हणजे चित्रात उजेड खालच्या बाजूने येतो आणि सावल्या वर, वायव्येकडे पडतात. परिणामी टेकडी खळग्यासारखी आणि ओढा बांधासारखा भासू लागतो. यावर एक सोपा उपाय आहे. चित्र उलटे धरून दक्षिण दिशा वर आणावी, म्हणजे सावल्या आपल्याकडे पडतात आणि उंच-सखलपणाचा खरा बोध होतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा.

उताराच्या खुणा

उतार वाचण्याचा पहिला मार्ग म्हणजे खुणा ओळखणे. यांत सर्वांत विश्वासू खूण पाण्याची. दोन लहान ओहोळ जेथे एकत्र येतात, तेथे त्यांचा कोन बहुधा खालच्या दिशेकडे निर्देश करतो. शहरात ओढे बांधून काढलेले, वळवलेले किंवा झाकलेले असले, तरी त्यांच्या काठची झाडांची वाकडी रांग, पुलांची मालिका आणि प्लॉटच्या सरळ आखणीतून मध्येच जाणारी नागमोडी हद्द यांवरून जुना मार्ग ओळखता येतो.

पुणे शहराचा दक्षिण भाग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगराकडून निघून उत्तरेकडे वाहत मुठा नदीस मिळतो. छायाचित्रात तो दाट वस्तीतून जाणाऱ्या एका बारीक रेषेसारखा दिसतो. परंतु त्याच्या वरच्या अंगास असलेले डोंगराचे उतार आणि त्यांवरून उतरणारे अनेक ओहोळ लक्षात घेतले, म्हणजे एवढ्या बारीक रेषेवर केवढ्या क्षेत्राच्या पाण्याचा भार आहे, हे कळते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत या ओढ्यास आलेल्या पुराने काठच्या वस्त्यांत मोठी जीवितहानी व वित्तहानी झाली.

याच भागात मुठा उजवा कालवा आहे. खडकवासल्याहून निघालेला हा कालवा पर्वतीच्या पायथ्याजवळून पुढे जातो. कालव्यातील पाणी केवळ अत्यल्प उतारावर वाहते. म्हणून त्याची रेषा जवळजवळ समान उंचीवरून जाते. म्हणजेच ती जमिनीवर प्रत्यक्ष आखलेली समोच्च रेषाच म्हणता येईल. तिच्या एका बाजूची जमीन कालव्याहून उंच व नदीकडील बाजूची सखल, एवढे ज्ञान चित्रातील त्या एका रेषेवरून होते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी या कालव्याची भिंत फुटली, तेव्हा पाणी दांडेकर पुलाच्या परिसरातील सखल वस्तीत शिरले. पाणी कोणत्या बाजूस धावणार, याचे उत्तर छायाचित्रात आधीपासूनच होते. ते वाचण्याची दृष्टी तेवढी हवी.

आपल्या पूर्वजांपाशी अशी दृष्टी होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रज येथील तलावाचे पाणी भूमिगत दगडी नळातून पुण्यातील हौदांपर्यंत आणण्यात आले, ते कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून, केवळ जमिनीच्या उतारावर.

लोहमार्ग हीदेखील अशीच खूण होय. आगगाडीस तीव्र चढ चढता येत नाही. भोर घाटासारख्या अवघड ठिकाणीही लोहमार्गाचा चढ १:३७ एवढाच आहे. त्यामुळे लोहमार्ग सरळ न जाता लांब वळण घेऊ लागला, बोगद्यात शिरला किंवा उंच भरावावरून गेला, म्हणजे तेथील जमीन उंच-सखल आहे असे समजावे.

रस्त्यांची ठेवणही पुष्कळ सांगते. सपाट भागात रस्ते चौकटीसारखे आखलेले असतात. उतारावर ते टेकडीस वळसा घालतात किंवा नागमोडी चढतात. मात्र ही खूण नेहमी खरी ठरतेच असे नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात तीव्र टेकड्यांवरही सरळ चौकटीचे रस्ते आखलेले आहेत. तेथील फिल्बर्ट मार्गाच्या एका भागाचा चढ तर ३० टक्क्यांहून अधिक आहे. केवळ रस्त्यांची आखणी पाहून ते शहर सपाट आहे असा निष्कर्ष काढणारा पुरता फसेल. म्हणून एका खुणेवर कधीही विसंबू नये. निदान दोन-तीन खुणा एकच गोष्ट सांगत आहेत किंवा नाहीत, हे पाहावे.

शहराच्या सीमेवर आणखी काही खुणा आढळतात. कोकणातील नगरांभोवती भातखाचरे अरुंद होत गेली, म्हणजे उतार वाढला असे समजावे. रुंद खाचरे मंद उताराची द्योतक होत. टेकड्यांवर पाणलोट विकासासाठी खोदलेले सलग समतल चर चित्रात समांतर रेषांसारखे दिसतात. उताराची दिशा त्या रेषांना काटकोनात असते. दख्खनच्या पठारावरील काळा पाषाण लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलेला आहे. त्यामुळे आपल्या टेकड्यांचे उतार पायऱ्यांसारखे असतात, आणि त्या पायऱ्यांच्या कडेने झाडाझुडपांचे पट्टे टेकडीस वेढून गेलेले दिसतात. हे पट्टे जेथे एकमेकांच्या अगदी जवळ आले, तेथे उतार तीव्र असतो.

शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची आहे. क्रीडांगण, पोहण्याचा तलाव, वाहनतळ, मोठ्या गोदामाची जोती या गोष्टी सपाट जागेवाचून होत नाहीत. टेकडीच्या अंगावर असे सपाट क्षेत्र दिसले, की वरच्या बाजूस डोंगर कापला आहे आणि खालच्या बाजूस भराव टाकला आहे, असे अनुमान करावे. त्या क्षेत्राच्या कडेस सावलीची बारीक, गडद रेषा दिसल्यास ती उभ्या कडेची किंवा भिंतीची असू शकते. त्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पाहणे आवश्यक समजावे.

सावलीचे गणित

दुसरा मार्ग सावल्यांचा. समान उंचीच्या इमारती एका वसाहतीत असतील, तर सपाट जमिनीवर त्यांच्या सावल्या सारख्या लांबीच्या पडतात. उतारावर तसे होत नाही. उताराच्या दिशेने पडणारी सावली लांबते आणि चढाच्या दिशेने पडणारी आखडते.

एक उदाहरण घेऊ. इमारत १५ मीटर उंच आहे आणि सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर आहे. डिसेंबर महिन्यात पुण्यास मध्यान्ही सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो, तेव्हा हे उदाहरण वास्तवाच्या जवळचे आहे. सपाट जमिनीवर या इमारतीची सावली १५ मीटर पडेल. जमीन सावलीच्या दिशेने १:५ प्रमाणात उतरत असेल, तर वरून मोजलेली सावलीची लांबी १८.७५ मीटर होईल. तेवढ्याच प्रमाणात चढत असेल, तर ती १२.५ मीटर भरेल. एवढा फरक चांगल्या छायाचित्रात साध्या पट्टीनेही मोजता येतो.

येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. इमारतींची उंची खरोखर समान असली पाहिजे. एखाद्या इमारतीवर मागाहून मजला चढवलेला असेल, तर हिशेब चुकतो. तसेच सावलीवरून केवळ सावलीच्या दिशेतील उतार कळतो. जमीन त्या दिशेस काटकोनात उतरत असेल, तर सावलीच्या लांबीत काहीही फरक पडणार नाही.

दोन चित्रांची जोडी

तिसरा मार्ग शास्त्रशुद्ध मोजणीचा. आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित निरनिराळ्या कोनांतून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोलीचे अनुमान करतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप या उपकरणाच्या साहाय्याने हे तत्त्व दाखवून दिले. पुढे १८५८ मध्ये फ्रान्समधील छायाचित्रकार नादार यांनी बलूनमधून भूमीचे छायाचित्र घेतले. या दोन गोष्टींचा संयोग होऊन हवाई सर्वेक्षणाचे शास्त्र विकसित झाले.

सर्वेक्षण करणारे विमान सरळ रेषेत जात असता लागोपाठची छायाचित्रे अशी घेते, की प्रत्येक चित्राचा सुमारे ६० टक्के भाग पुढील चित्रातही येतो. ही जोडी स्टिरिओस्कोपखाली ठेवली, की टेकड्या आणि इमारती कागदावरून वर उठल्यासारख्या दिसतात. मात्र त्यात उंची प्रत्यक्षाहून तीन-चार पट वाढलेली भासते. त्यामुळे नवख्या निरीक्षकास मंद उतारही कड्यासारखा वाटतो. डोळ्यास काय वाटले ते न लिहिता मोजून काय आले ते लिहावे, अशी शिस्त यासाठीच आहे. हे कौशल्य शिकविण्यासाठी १९६६ मध्ये डेहराडून येथे हवाई छायाचित्रांच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली. तीच आज भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणून ओळखली जाते.

एकेकट्या छायाचित्रातील आणखी एक दोष येथे सांगितला पाहिजे. उंच वस्तू चित्राच्या मध्यबिंदूपासून बाहेरच्या दिशेने कललेल्या दिसतात. विमान ३,००० मीटर उंचीवर आणि चित्राचे प्रमाण १:२०,००० असेल, तर मध्यबिंदूपासून ८० मिलिमीटर अंतरावरील ३० मीटर उंच इमारतीचे छप्पर चित्रात ०.८ मिलिमीटर सरकते, म्हणजे जमिनीवरील १६ मीटर. टेकडीचा माथाही असाच सरकतो. म्हणून मूळ छायाचित्रावरून थेट अंतरे वा हद्दी मोजू नयेत. हा दोष काढून तयार केलेले शुद्ध छायाचित्रच मोजणीसाठी वापरावे, आणि त्यातही इमारतींचा कल बहुधा शिल्लक असतो हे ध्यानात ठेवावे.

हेच जोडीचे तत्त्व अवकाशातूनही वापरले जाते. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर दोन कॅमेरे बसविण्यात आले होते. एक पुढे २६ अंश आणि दुसरा मागे ५ अंश झुकलेला होता. या जोडचित्रांवरून देशाच्या भूमीच्या उंचीची आकडेवारी तयार झाली व ती भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आली. त्यापूर्वी फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली होती.

अंकांचा चकवा

या आकडेवारीत भूमीचे लहान लहान चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनास एक उंची दिलेली असते. सर्वांस सहज उपलब्ध असलेल्या आकडेवारीत हा चौकोन सामान्यतः ३० मीटर बाजूचा असतो. संगणक शेजारच्या चौकोनांतील फरक काढून क्षणार्धात उताराचा रंगीत नकाशा तयार करतो. तो दिसावयास आकर्षक असतो, आणि धोका येथेच आहे.

पहिली गोष्ट अशी, की उपग्रहास जे वर दिसते त्याची उंची तो मोजतो. ती जमिनीची असेलच असे नाही. छपराची किंवा झाडाच्या शेंड्याचीही असू शकते. समजा, एका चौकोनात सात मजली, म्हणजे सुमारे २१ मीटर उंच इमारत आहे आणि शेजारचा चौकोन मोकळ्या मैदानाचा आहे. दोहोंतील ३० मीटर अंतरात २१ मीटरचा फरक, म्हणजे ७० टक्के उतार! जमीन मात्र कॅरमच्या फळीसारखी सपाट आहे.

दुसरी गोष्ट याच्या उलट आणि अधिक गंभीर आहे. घर बांधण्यासाठी टेकडी कापून ६ मीटरची उभी कड तयार झाली आहे. ३० मीटरच्या चौकोनात ती वाटली गेली, की नकाशात फार तर १:५ एवढा उतार दिसेल. ९० अंशांची कड अंकांत ११ अंशांची होऊन बसते. शहरातील अनेक दुर्घटना टेकडीच्या नैसर्गिक उतारापेक्षा अशा कापलेल्या कडांवर आणि पाणी निघून जाण्यास वाट नसलेल्या भिंतींपाशी घडतात. म्हणजे धोका जेथे सर्वाधिक, तेथेच हा नकाशा मौन पाळतो.

तिसरी गोष्ट चित्राच्या स्पष्टतेविषयी. संगणकावरील पृथ्वीचे चित्र तिरपे करून पाहण्याची सोय आता सर्वांस परिचित आहे. त्यात रस्त्यावरील मोटारीही ओळखू येतात. पण छायाचित्र कितीही सूक्ष्म असले, तरी त्याखालील उंचीचे अंक पुष्कळदा त्याहून फार ढोबळ असतात. जाड्याभरड्या साच्यावर तलम वस्त्र पांघरावे तसा हा प्रकार असतो. वस्त्राची वीण पाहून साच्याची पारख करू नये.

कोणत्या कामास कोणते साधन?

प्रत्येक कामास लागणारी अचूकता निरनिराळी असते. शहराचा कोणता भाग डोंगराळ आहे व कोठे अधिक लक्ष दिले पाहिजे, एवढेच ठरवावयाचे असेल, तर खुणा, सावल्या आणि उपलब्ध आकडेवारी पुरेशी आहे.

भूखंड १:५ पेक्षा तीव्र उतारावर असण्याची शक्यता आहे काय, याची पहिली चाचणी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर करता येते. त्यावरील समोच्च रेषांत सामान्यतः २० मीटर उंचीचे अंतर असते. दोन रेषा कागदावर २ मिलिमीटर दूर असतील, तर जमिनीवर ते अंतर १०० मीटर होते. १०० मीटरांत २० मीटर, म्हणजे बरोबर १:५. रेषा याहून जवळ असतील, तर उतार अधिक तीव्र. पण ही सरासरी झाली. परवानगी देण्याचा वा नाकारण्याचा निर्णय मात्र प्रत्यक्ष मोजणीवरून तयार केलेल्या, कमी अंतराच्या समोच्च रेषांच्या नकाशावरच व्हावयास हवा.

गटाराची गोष्ट आणखी निराळी. त्यास १:५०० एवढा मंद उतारही पुरतो, म्हणजे १०० मीटरांत केवळ २० सेंटिमीटर. ज्या आकडेवारीत उंचीची चूक काही मीटरांची असू शकते, तिच्यावरून गटाराची दिशा ठरविणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसाचा निचरा सपाट, सखल भागातून किती दुष्कर असतो, हे तेव्हा सर्वांनी अनुभवले. अशा भागात काही सेंटिमीटरांच्या फरकावरही पाण्याची दिशा ठरते. तेथे लेव्हल यंत्राने केलेली मोजणी किंवा विमानातून लेसर किरण सोडून केलेले लायडार सर्वेक्षण हवे. लायडारचे काही किरण झाडांच्या पानांमधून व इमारतींमधील मोकळ्या जागेतून जमिनीपर्यंत पोहोचतात, त्यामुळे छपरे आणि जमीन वेगळी करता येते.

दरडीच्या बाबतीत केवळ उतार पाहूनही भागत नाही. मातीचा थर, खडकाची झीज, पाण्याचे झरे, पावसाचे प्रमाण आणि उतारावर झालेली तोडफोड या सर्वांचा विचार भूवैज्ञानिकांकडून व्हावा लागतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी येथे घडलेल्या दुर्घटना राज्य विसरलेले नाही.

पडताळणी पायांनी

छायाचित्राचे वाचन ही चौकशीची सुरुवात होय. तिचा शेवट जागेवर जाऊनच झाला पाहिजे, आणि त्यासाठी महागडी उपकरणेच लागतात असे नाही. दोन मीटर लांबीची सरळ फळी घ्यावी. तिचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूस जमिनीवर टेकवावे, गवंड्याच्या स्पिरिट लेव्हलने फळी आडवी करावी आणि दुसऱ्या टोकाखालील अंतर मोजावे. ते ४० सेंटिमीटर भरल्यास उतार १:५, २० सेंटिमीटर भरल्यास १:१०. थोड्या थोड्या अंतरावर पाच-सहा मापे घेऊन त्यांची सरासरी काढावी. समतल चरांची आखणी करताना वापरली जाणारी पाण्याची नळी किंवा हायड्रोमार्कर ज्या गावांत आहे, तेथे हे काम अधिक सुलभ होईल.

ग्रामपंचायत सदस्यांच्या दृष्टीने या विषयास आता विशेष महत्त्व आले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी हाती घेण्यात आली आणि गावांच्या वस्तीची स्पष्ट छायाचित्रे तयार झाली. त्यांचा मुख्य हेतू मिळकतींची नोंद हा आहे. तथापि अशा छायाचित्रावर गावातील ओहोळ, जुने नाले, कापलेल्या कडा आणि मोठ्या भिंती यांच्या जागा खुणेने दाखविल्या, तर पावसाळ्यापूर्वी कोणत्या घरांची पाहणी आधी करावयाची, याची यादी सहज तयार होईल. शहरांलगतच्या ज्या गावांत टेकड्यांवर नवी घरे झपाट्याने उभी राहत आहेत, तेथे ही यादी विशेष उपयुक्त ठरेल. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र ही राज्याची संस्था या शास्त्राच्या उपयोजनाचेच काम करते.

शाळांना यात मोलाचा वाटा उचलता येईल. आपल्या परिसराच्या छायाचित्राची प्रत विद्यार्थ्यांना द्यावी, पाणी कोणत्या दिशेने वाहील ते बाणांनी दाखविण्यास सांगावे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर सुरक्षित ठिकाणांवरून ते बाण पडताळून पाहावेत. जेथे बाण चुकले, तेथे का चुकले, याची चर्चा व्हावी. एखादी नवी भिंत, बुजवलेला नाला किंवा उंच केलेला रस्ता त्यातून निदर्शनास येईल, आणि ती माहिती स्थानिक संस्थेसही उपयोगी पडेल.

छायाचित्रे दिवसेंदिवस अधिक स्पष्ट आणि सुलभ होत जातील. त्यांवरून निर्णय घेण्याचा मोहही तितकाच वाढेल. अशा वेळी प्रत्येक अधिकाऱ्याने, अभियंत्याने आणि लोकप्रतिनिधीने समोरच्या चित्रास तीन प्रश्न विचारावेत : यात दिसणारी उंची जमिनीची आहे की छपराची? तिची चूक किती असू शकते? आणि या जागी प्रत्यक्ष जाऊन कोणी मोजले आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर कागदावर सही करण्यापूर्वी एकदा तो चढ स्वतः चढून पाहणे हिताचे होईल. त्या उताराच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुटुंबांची सुरक्षितता त्या एका फेरीवर अवलंबून असू शकते.